कोंबडीला उपाशी ठेवा, असं मी कुठे लिहिलं?

भाऊ, कुत्र्याने फाडलेल्या कोंबडीची शुश्रूषा कशी करावी यावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात इथे देतो. सुरुवातीला दाणा बंद ठेवायला सांगणं म्हणजे जखमी जिवाला उपाशी मारणं. गावाकडे हळद-तेल लावून सोडून देतात आणि कोंबड्या आपोआप बऱ्या होतात. दुखत असेल तर माणसाच्या गोळीचा पाव तुकडा पुरतो. बेटाडीनमध्ये पाणी किती घालायचं ते मी सांगितलेलं नाही. आणि सगळ्यात शेवटी, ‘फ्लॅटात बसून लिहिणाऱ्यांना कोंबडी काय कळते.’

बेटाडीनचं प्रमाण द्यायचं राहिलं होतं, हे मान्य. दुकानात ५ टक्के आणि १० टक्के अशी दोन द्रावणं मिळतात. १० टक्क्यांचं असेल तर १ भागाला ९ भाग पाणी, ५ टक्क्यांचं असेल तर १ भागाला ४ भाग. पाणी उकळून गार केलेलं हवं. फिक्या कोऱ्या चहाचा रंग आला की प्रमाण बरोबर आहे असं समजा. मूळ लेखात आता हे जोडलं आहे.

पण ‘उपाशी मारणं’ हे शब्द तुम्ही ज्या सहजपणे वापरलेत, ते मला लागले. माझं वाक्य असं होतं: ‘आधी पाणी, शीट पडेपर्यंत कोरडा दाणा नको, मग मऊ खाणं.’ यात उपासमार कुठे आहे? एखादी गोष्ट पटली नाही तर माणूस विचारतो, ‘का हो, दाणा का नको?’ तसं विचारलं असतंत तर मी आनंदाने सांगितलं असतं. तुम्ही काही न विचारता मला निर्दयी ठरवून मोकळे झालात. आणि फ्लॅटचं म्हणाल, तर आमच्या अंगणात आजीच्या काळापासून खुराडं आहे. कुत्रा, मुंगूस, शिकरा या तिघांच्याही तावडीतून सुटलेल्या कोंबड्या या हातांनी सांभाळल्या आहेत. स्वतःबद्दल याहून जास्त सांगायची मला गरज वाटत नाही.

आता दाणा का नको, ते सांगतो.

कोंबडीने टिपलेला दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतो, तिथे ओला होतो, मग पुढे सरकत पोट्यात जातो. पोट्यात तो दळला जातो तो तिने गिळलेल्या खड्यांमुळे. कोंबडीला जबर मार बसला, रक्त गेलं, भीतीने ती गार पडली, की शरीर रक्त काळजाकडे आणि मेंदूकडे वळवतं आणि आतड्यांचं काम मंदावतं. अशा वेळी मूठभर ज्वारी तिच्यापुढे टाकली आणि तिने सवयीने टिपली, तर तो दाणा पिशवीतच पडून राहतो, फुगतो, आंबतो. त्यात आपण तिला खोक्यात नाही तर पिंजऱ्यात ठेवलेलं असतं. खाली फडकं किंवा पेपर, वाळू-खडे नाहीत. म्हणजे दळायला लागणारे नवे खडे तिला मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी कणकेच्या गोळ्यासारखी लागते आणि चोचीला आंबूस वास येतो. कुत्र्याच्या दातांतून वाचलेली कोंबडी अशी दाण्याने जाते, आणि मालक म्हणतो, ‘खात होती हो, तरी गेली.’

हे तपासायला डॉक्टर लागत नाही. निरोगी कोंबडीची पिशवी संध्याकाळी भरलेली आणि पहाटे रिकामी असते. पहाटे पिंजरा उघडण्याआधी छातीच्या वर, गळ्याच्या उजव्या बाजूला बोटांनी हलकेच चाचपा. रिकामी लागली तर पचन चालू आहे. भरलेली लागली तर मऊ खाणंही थांबवा आणि फक्त पाणी द्या.

पाणी मात्र पहिल्या तासापासून, यात कुठलीही सवलत नाही. एक दिवस दाणा नसला तर मोठी कोंबडी तगते, पाण्यावाचून तगत नाही. त्यातही हे नागपूर आहे. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) ४५ म्हणजे आपल्याला बातमीही वाटत नाही. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळात ४१ अंशांच्या आसपास. तिला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि त्या धापांमधूनच अंगातलं पाणी उडून जातं. रक्त गेलेलं, वरून धापा. अशा वेळी पोटात दाणा किती आहे हा प्रश्न फार मागे पडतो.

पाण्यात ओआरएस (जुलाबात देतात ती मीठ-साखरेची पूड) घालणार असाल तर पाकीट जेवढ्या पाण्यासाठी छापलेलं असतं तेवढ्याच पाण्यात विरघळवा, घट्ट करू नका. शेजारी साध्या पाण्याची वाटीही ठेवा. पाणी माठातलं चालेल, फ्रिजमधलं नको. वाटी जड आणि उथळ हवी, म्हणजे ती कलंडत नाही आणि गळालेल्या कोंबडीचं डोकं त्यात बुडत नाही.

ती स्वतःहून पीत नसेल तर तुम्ही लिहिलंय तसं चोच उघडून चमच्याने ओतू नका. तुमच्या प्रतिक्रियेतली ही ओळ मला सगळ्यात धोक्याची वाटते. श्वासनलिकेचं तोंड कोंबडीच्या जिभेच्या बुडाशीच असतं आणि माणसासारखी त्यावर झाकण पडायची सोय तिच्यात नसते. ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात उतरू शकतं. १ मिलीची बिनसुईची सिरिंज घ्या, चोचीच्या कडेला एक थेंब टेकवा, तिने गिळला की दुसरा. दहा मिनिटांत ५ मिली गेलं तरी पुष्कळ झालं, तासाभराने पुन्हा द्या. धरताना पंख अंगाशी घ्या पण छाती आवळू नका. छातीचं हाड पुढेमागे हलल्याशिवाय तिला श्वासच घेता येत नाही, आणि घाबरलेला माणूस नेमका तिथेच दाबतो.

शीट पडली, मान उचलून इकडेतिकडे बघू लागली, की खाणं सुरू. यासाठी घड्याळ लावून चोवीस तास मोजायचे नसतात. काही कोंबड्या तीन-चार तासांतच तयार होतात. शीट हिरवी आणि पाणचट दिसली तर बहुधा पोटात काहीच नाही, अशा वेळी पिशवी रिकामी असेल तर अजिबात थांबू नका. पिल्लांचा स्टार्टर मॅश (पिल्लांसाठीचं दळलेलं खाद्य) कोमट पाण्यात भिजवून द्या, त्यात प्रथिनं जास्त असतात आणि जखम भरायला तीच लागतात. लेयर मॅशमध्ये, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात, अंड्याच्या टरफलासाठी घातलेलं कॅल्शियम असतं, आणि जखमी कोंबडी बहुतेक वेळा अंडी थांबवते, त्यामुळे ते तिच्या कामाचं नाही. उकडलेलं अंडं कुस्करून मिसळलं तर उत्तम. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा द्या. उरलेलं दोन तासांत उचला, आपल्याकडच्या उन्हात ते लगेच आंबतं. अख्खी ज्वारी ती पुन्हा मातीत पाय मारू लागल्यावर.

याला उपासमार म्हणायचं असेल तर म्हणा, मी शब्दांवर भांडत बसणार नाही.

हळद-तेलाबद्दल फार लिहीत नाही. तेलाने पिसं चिकटतात आणि हळदीच्या खपलीखाली काय चाललंय ते दिसत नाही. पावसाळ्यात त्या खपलीखाली एका दिवसात अळ्या पडतात. १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून त्याची २० मिलीच्या सिरिंजने धार मारून जखम धुवा, भोवतीची पिसं उपटू नका, कातरा. मग वर दिलेलं बेटाडीन. ‘आपोआप बऱ्या होतात’ असं म्हणताना न झालेल्या कोंबड्या कुणी मोजलेल्या नसतात.

गोळीचं म्हणाल, तर कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि ती लाखोंनी मेली, म्हणून २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. कोंबडी गिधाड नाही हे मलाही कळतं. पण दीड किलोच्या पाखराला ‘पाव तुकडा’ हा कुठला हिशेब? वेदनेचं औषध पशुवैद्य वजन बघून देतात.

हाड कातडीबाहेर आलं असेल, पोट फाटलं असेल किंवा मांजराचा दात लागला असेल, तर घरी प्रयोग करू नका. मांजराच्या दाताचं भोक बाहेरून बारीक दिसतं आणि आत पू धरतं. आपल्याकडे सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दाखवा. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा. खोक्याला चारी बाजूंनी भोकं पाडा, तळाशी जुना टॉवेल अंथरा म्हणजे पाय घसरत नाहीत, झाकण बंद ठेवा म्हणजे अंधारात ती शांत राहते. प्रतिजैविक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत, ते तिथेच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या.