डिसमिस झाली म्हणजे केस खोटी होती?

आमच्या फॅमिली ग्रुपवर नेहमीचं ठरलेलं, आपल्याकडे कोर्टाची पायरी चढली की आयुष्य गेलं आणि अमेरिकेत कसा फटाफट न्याय मिळतो. फटाफट मिळतो हो, पण बऱ्याचदा 'डिसमिस' मिळतं, म्हणजे सुनावणीआधीच केस फेटाळली जाते.

ऑफिसात वंशावरून किंवा अपंगत्वावरून डावललं तर आधी ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेकडे तक्रार, तीही राज्याप्रमाणे १८० नाहीतर ३०० दिवसांत, मग त्यांचं पत्र आलं की ९० दिवसांत केस, आणि एवढं करून कंपनीचा वकील म्हणतो की आरोपात दम नाही, जज हो म्हणतो, एक साक्षीदार न तपासता विषय खल्लास. ही कडक चाळणी सुप्रीम कोर्टाच्या २००७ आणि २००९ च्या निकालांची. २००९ वाला इक्बाल हा पाकिस्तानी माणूस, ९/११ नंतर ब्रुकलिनच्या तुरुंगात होता, धर्म नि वंश बघून आम्हाला वेगळं कोंडलं म्हणाला. कोर्ट ५ विरुद्ध ४ ने म्हणालं, नुसता आरोप नको, पटण्यासारखा तपशील द्या. आता तपशील असतो कंपनीच्या ईमेलमध्ये आणि ते ईमेल केस पुढे सरकल्याशिवाय सहसा हाती लागत नाहीत! पोहता येत नाही तोवर पाण्यात उतरायचं नाही, असला प्रकार.

त्यात बाई काळी आणि व्हीलचेअरवर असेल तर अजून पंचाईत. वंशासाठी १९६४ चा कायदा, अपंगत्वासाठी १९९० चा. कंपनी दाखवते की आमच्याकडे काळे लोकही आहेत, अपंगही आहेत, मग दोन्ही असल्यामुळे जे सोसावं लागलं ते मांडायचं कुठे?

म्हणून अशा डिसमिसवर अपील करणाऱ्याला हट्टी म्हणणं मला पटत नाही. नवा पुरावा देता येत नाही हे खरं, पण तीन जज सगळं पहिल्यापासून वाचतात आणि तक्रारीतला तपशील खरा धरूनच वाचतात. फक्त अपिलाची नोटीस ३० दिवसांत गेली पाहिजे, अमेरिकेचं केंद्र सरकार पार्टी असेल तर ६०.

आणि आपल्याकडे? संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं, अपंगांसाठी २०१६ चा कायदा आहे, ॲट्रॉसिटी आहे पण तो फौजदारी, खाजगी कंपनीने आडनाव बघून मुलाखतीतच गाळलं तर तो किती कामाचा? उशिराबद्दल बोलतो सगळे, पण इथे मुळात केस टाकायची कशाखाली तेच कळत नाही. २०१७ ला शशी थरूर यांनी लोकसभेत भेदभावविरोधी खाजगी विधेयक मांडलं होतं, कायदा काही झाला नाही.