वजनकाट्याआधी जेवणाची सुट्टी द्या

आमच्या कारखान्यात पुन्हा 'वजन घटवा' स्पर्धा जाहीर झाली. तीन महिने, सगळ्यात जास्त वजन उतरवेल त्याला बक्षीस. गेल्या वर्षी झाली तेव्हा जे पाहिलं ते लिहायचं राहून गेलं होतं. आज लिहिते.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब आणि एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. चौदा वर्षं झाली. गेल्या वर्षी पॅकिंगच्या हॉलमध्ये काटा मांडला होता. एकेकाला नावानं बोलवायचं, उभं करायचं, आणि लिहिणारा लांब बसलेला म्हणून आकडा ओरडून सांगायचा. शिलाईतल्या अक्का काट्यावर चढल्या. चपला काढल्या, पदर खोचला. "ब्याऐंशी!" मागून कोणीतरी हसलं. अक्का खाली उतरल्या, तर चपलेत पाय घालताना त्यांना पट्टाच सापडेना. दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. म्हणाल्या, "भूक नाही गं." सकाळी सहाला घर सोडलेली बाई दीड वाजता भूक नाही म्हणते, तेव्हा ती खरं बोलत नसते.

त्या स्पर्धेतच दर शनिवारी ध्यानाचा एक वर्ग होता. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, हे आधी सांगते. त्यांनी प्रत्येकीच्या तळहातावर एकच बेदाणा ठेवला. बघा, बोटांत फिरवा, वास घ्या, मग जिभेवर ठेवा आणि लगेच चावू नका. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये आठ आठवड्यांचा ताण हलका करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यातला हा धडा. आपल्या पंढरपूर भागात बेदाण्याचे ढीग लागतात, मी आयुष्यभर मुठीनं खाल्लाय, पण त्याच्या सुरकुत्या त्या दिवशी पहिल्यांदा जिभेला लागल्या. आधी गोड, मग किंचित आंबट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कारण आठवलं की त्याच दुपारी मी भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली होती, आणि चव कशी होती ते मला सांगता आलं नसतं. डावीकडे डबा, उजवीकडे इन्व्हॉइस, आणि चटणीचं तेल कीबोर्डच्या एंटरवर.

म्हणून ध्यान वगैरे थोतांड आहे असं मी कधीच म्हणणार नाही. मला उपयोग झाला. ताणापोटी हात डब्याकडे जातो, तो क्षण मला आता ओळखू येतो. या विषयावरच्या अभ्यासांतही साधारण हेच दिसतं: लक्ष देऊन खाण्याच्या सवयीनं भावनेच्या भरात होणारं खाणं कमी होतं, काट्यावर मात्र फरक थोडाच पडतो.

पण ताण येतो कुठून, हे कोणी विचारायचं? आमचा खरेदीदार अमेरिकेत. त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. घरी जाऊन कुकर लावला की फोन वाजतो: पॅकिंग लिस्टमध्ये दोन कार्टनचा फरक आहे, कंटेनर उद्या निघायचाय. रात्री अकरापर्यंत हेच, आणि हाताशी शेवेचं पाकीट. ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं आणि गोड-तेलकट हवंसं वाटतं. झोप कमी पडली की आणखी बिघडतं. शिकागोतल्या संशोधकांनी २००४ मध्ये बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. निरोगी पोरांचं दोन रात्रींत असं होत असेल, तर शिपमेंटच्या आठवड्यात आमचं काय होत असेल? आणि अक्कांचं? त्यांना नगावर पैसे मिळतात. पाणी प्यायला उठल्या तरी तेवढे टॉवेल कमी.

ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा चौदा वर्षं मागोवा घेऊन २००६ मध्ये जे छापलं गेलं तेही हेच सांगतं. कामाचा ताण ज्यांच्यावर सतत होता, त्यांच्यात पोटाचा घेर, रक्तदाब, साखर असं एकत्र बिघडण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. आणि २०२४ मध्ये तिथल्याच ४६ हजारांवर कामगारांची माहिती तपासली गेली. ध्यानाचे वर्ग, ताण हाताळायची शिबिरं, ॲप हे सगळं घेतलेले आणि न घेतलेले यांच्या मनःस्वास्थ्यात फारसा फरक दिसला नाही. वाईट वाटलं वाचून, कारण मला त्या बेदाण्यानं खरंच काही दिलं होतं. पण पटलं. श्वासावर लक्ष ठेवायला शिकवायचं आणि श्वास घ्यायला सुट्टी द्यायची नाही, मग दुसरं काय होणार?

मागच्या पावसाळ्यात आम्ही सातजणींनी ठरवून दीडला फोन ड्रॉवरमध्ये टाकायला सुरुवात केली. अर्धा तास. शिलाईच्या दाराशी पिंपळाखाली बसायचं, डबे मध्ये ठेवायचे. पहिल्या आठवड्यात तीनदा बोलावणं आलं. आम्ही म्हटलं, जेवण झालं की येतो. १९४८ च्या कारखाने कायद्यानं सलग पाच तासांहून जास्त काम होण्याआधी किमान अर्धा तास विश्रांती बंधनकारक केली होती, म्हणजे आम्ही काही जगावेगळं मागत नव्हतो. चार महिन्यांत माझं वजन दोन किलो उतरलं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे संध्याकाळची शेव आपोआप सुटली. दुपारी नीट जेवलं की सहाला पोटात तो खड्डा पडत नाही. अक्का ज्वारीची कडक भाकरी आणतात आणि मोडून सगळ्यांना देतात. ती घाईत खाताच येत नाही, चावावीच लागते.

नव्या स्पर्धेचे फॉर्म आलेत. आम्ही ते भरले नाहीत, त्याऐवजी एका कागदावर पाच मागण्या लिहिल्यात. वजन पडद्याआड घ्या आणि आकडा ज्याचा त्यालाच सांगा. दीड ते दोन कोणाला बोलावू नका. रात्री आठनंतरच्या मेलसाठी पाळी लावा, रोज तीच माणसं नकोत. शिलाईवाल्यांचा तो अर्धा तास पगारात धरा. ध्यानाच्या मॅडमना जरूर बोलवा, पण शनिवारी काम संपल्यावर नको, कामाच्या वेळेत.

सोमवारी अकराला मालकांना भेटायचंय. कागदावर एकोणीस सह्या झाल्यात. अक्कांनी तेलुगूत केली आहे, सगळ्यात वर.