सत्तर म्हणजे सत्तर, एकाहत्तर नव्हे

काल रात्री पावणेबाराला मी माउस आपटला. सोफ्यावरच आपटला, कारण माउस माझ्या पैशाचा आहे. ज्याच्यावर खरा राग होता तो माणूस कुठल्या देशात बसलाय देव जाणे.

तिजोरी फोडायचा एक गेम घेतलाय मी. फुकट नाही, चांगले पैसे मोजून. आणि साधा गेम नाही हं, स्वतःला ‘सिम्युलेटर’ म्हणवतो. आकड्यांचं कुलूप, 0 ते 99 आकड्यांची डायल, आत तीन चाकं. डावीकडे फिरवत पहिला आकडा चौथ्यांदा आला की थांबायचं, मग उजवीकडे दुसरा आकडा तिसऱ्यांदा, परत डावीकडे तिसरा आकडा दुसऱ्यांदा, शेवटी उजवीकडे हळूहळू, अडेपर्यंत. खऱ्या कुलपातही असंच असतं. इथपर्यंत सगळं ठीक.

पण फिरवायचं कशानं? तर माउसच्या चाकानं. ते चाक एक खट्‌ केलं की कधी एक आकडा सरकतो, कधी दोन, आणि मनात आलं तर तीन. मला 70 हवाय. 67, 68, 69... 71. अरे! बरं, एक घर मागे यावं म्हटलं तर ती सोय नाही. ते नाही हे बरोबरच आहे, हा आणखी संताप. डायल फिरते तेव्हा एका चाकाचा खुंट दुसऱ्याला ढकलत नेतो. पुढे गेलेलं चाक तिथंच बसून राहतं, तुम्ही डायल उलटी फिरवलीत म्हणून ते काही मागे येत नाही. म्हणजे पहिल्यापासून सुरुवात, चार फेऱ्या डावीकडे. एफसी रोडवर वळण चुकलं की कसं होतं? समोर दुकान दिसत असतं, दहा पावलं मागे, पण वन-वे! मग जा डेक्कनला, घाला जेएम रोडवरून प्रदक्षिणा, या परत. आणि परत आल्यावर तेच वळण परत चुकायचं. पुण्यात निदान शिव्या द्यायला शेजारी रिक्षावाला तरी असतो.

हेही मी सहन केलं असतं. पण या शहाण्यांनी कुलपाला जराही ढील ठेवलेली नाही. खऱ्या कुलपाला थोडी ढील असतेच, आकडा किंचित इकडेतिकडे झाला तरी चालून जातं. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या कामावर होता, तेव्हा तिथल्या कपाटांची कुलपं उघडत बसायचा. त्याच्या लक्षात आलं की दोन आकडे मागेपुढे झाले तरी कुलूप उघडतं. म्हणजे प्रत्येक पाचवा आकडा बघितला की पुरे. शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, दहा लाख होतात. तिथे त्याचे वीस गुणिले वीस गुणिले वीस, 8000 झाले. त्यातही कपाट उघडं असताना मालकाशी गप्पा मारता मारता शेवटचे दोन आकडे तो हातानंच काढून ठेवायचा, मग उरले वीस. नोबेल मिळवणाऱ्या माणसाला दोन आकड्यांची सूट, आणि मला, दिवसभर खराडीत कोड तपासून आलेल्या बाईला, 71 ला ‘चूक’!

आणि ते स्टेथोस्कोप. स्क्रीनवर कोपऱ्यात स्टेथोस्कोप दिलाय. तो दाबला की बरोबर आकड्यावर ‘टक्‌’ असा आवाज येतो म्हणे. अहो, असा टक्‌ आवाज येत नाही! तो सिनेमात येतो. खरं काम बोटांचं आणि डोळ्यांचं आहे. डायलच्या मागे एक कॅम, म्हणजे डायलबरोबर फिरणारी चकती असते, तिला खाच असते, आणि लीव्हरचं, म्हणजे आतल्या दांडीचं नाक त्या खाचेच्या डाव्या नि उजव्या कडेला टेकतं. कुठं टेकलं ते वाचायचं. एखाद्या चाकाची खाच वर आली की लीव्हर केसभर खाली बसतो आणि दोन्ही टेकण्याच्या जागा किंचित जवळ येतात. हे ‘किंचित’ म्हणजे एका आकड्याचा अगदी थोडा भाग. दर अडीच आकड्यांनी एक नोंद, पूर्ण डायलच्या 40 नोंदी, त्याचा आलेख काढायचा आणि खड्डा कुठं पडतो ते बघायचं.

मी हे सगळं केलं. मुलाच्या भूगोलाच्या वहीची मागची चार पानं, त्याचीच पेन्सिल, दोन रात्री. आलेख आला सरळ रेघ. खडकवासल्याच्या पाण्यासारखा सपाट. का? तर गेम टेकण्याची जागा पूर्ण आकड्यात दाखवतो! 12 नाहीतर 13. मधलं काही नाही. ज्या बारीक फरकावर सगळी विद्या उभी आहे तोच यांनी राउंड करून टाकला. मग उरतो काय, तो खोटा टक्‌. आणि तो ऐकायचा कुठं, तर ऑगस्टमध्ये, सदाशिव पेठेत. नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव संपतो, तर खालच्या बोळात ज्यांना सराव कमी पडला असं वाटतं त्यांचा सुरू होतो. हेडफोन लावला तर कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत, मग त्यावरून वेगळं ऐकून घ्या.

सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या. माझ्या खांद्यावरून बघत म्हणाल्या, “अगं, दिवाळीपासून आपला चोरकप्पा अडकलाय. तो नाही का फोडायचा आधी?”

मी म्हटलं, “आई, त्याला किल्ली आहे. हा आकड्यांचा आहे.”

“मग त्याचा आकडा नाही का लिहून ठेवलेला कुठं?”

यावर काय बोलणार. त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेतली, कपाटाच्या किल्लीवर दोन थेंब सोडले, दार जरा वर उचललं, गुडघ्यानं हलकेच ढकललं. चोरकप्पा उघडला. आतलं मंगळसूत्र, दोन पासबुकं आणि सासरेबुवांचं रेशनकार्ड जिथल्या तिथं. “दिवा मालव जाताना,” एवढं म्हणून त्या गेल्या.

मी सोफ्यावरून माउस उचलला. डावीकडे चार फेऱ्या. 66, 67. अगदी हळू, एका बोटानं. 68. श्वास रोखून. 69.

71.