धूर चंद्रपूरला जातो, म्हणून पेट्रोल बरं?

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. तुमच्याकडेही आला असेल. इलेक्ट्रिक गाडी ही पर्यावरणाच्या नावाखाली चाललेली फसवणूक आहे, असं त्यात म्हटलंय. वीज शेवटी कोळशाचीच, त्यामुळे धूर तेवढाच. फक्त पुण्याचा धूर कोळशाचं वीज केंद्र असलेल्या चंद्रपूरच्या माथी मारला जातो. बॅटरी बनवतानाच इतकं प्रदूषण होतं की ते कधी भरून निघत नाही. तीन वर्षांत बॅटरी भंगारात जाते. आणि पावसात, नाहीतर उन्हात, गाडी पेट घेते.

माझं माहेर चंद्रपूरचं आहे. आई अजून तिथेच राहते. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की ती वरून जुनं पातळ पसरते आणि संध्याकाळी ते झटकते, तेव्हा खाली काळी भुकटी पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली, त्यात चंद्रपूर चौथं होतं. म्हणून या मेसेजमधलं चंद्रपूरचं नाव मला लागतं. तिथल्या लोकांच्या छातीतल्या धुळीचा वापर कुणी पेट्रोलची बाजू मांडायला करावा, हे मला सहन होत नाही.

तर आधी धुराचा मुद्दा. त्यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. देशात तयार होणाऱ्या विजेत जवळपास तीन चतुर्थांश वाटा आजही कोळशाचा आहे. पण ‘धूर तेवढाच’ हे कुणी मोजून लिहिलेलं नाही. मी माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरपुरतं मोजलं. चार्जरच्या आधी साधा प्लग-मीटर लावला आणि आठवडाभर आकडे वहीत लिहिले. ८८ किलोमीटरला ३.३ युनिट लागले. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी ०.७२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वाटेत तारांमध्ये आणि रोहित्रांमध्ये वीज वाया जाते, तीही मी शेकडा अठरा धरली. तरी हिशेब किलोमीटरला साधारण ३३ ग्रॅमवर येतो. माझी आधीची पेट्रोलची स्कूटर शहरात लिटरला ४५ किलोमीटर जायची. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे किलोमीटरला ५१ ग्रॅम. यात कच्चं तेल उपसणं, जहाजाने आणणं, रिफायनरीत शुद्ध करणं आणि टँकरने पंपावर पोचवणं धरलेलंच नाही.

कोळसा पेट्रोलपेक्षा घाण इंधन असूनही असं का होतं? कारण पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. चाकापर्यंत पाव हिस्सा पोचला तरी खूप. सिग्नलला उभं असतानाही ते जळतच असतं. कोळशाचं केंद्र एक तृतीयांशाहून थोडी जास्त ऊर्जा विजेत उतरवतं आणि पुढे मोटर त्यातलं फारसं काही वाया घालवत नाही. ब्रेक लावताना थोडी वीज परत बॅटरीत जाते, ती वेगळीच.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते. स्कूटरला दिसणारा हा फरक कारला तेवढा दिसत नाही. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने २०२१ मध्ये गाडीच्या जन्मापासून भंगारापर्यंतचा हिशेब मांडला. भारतातली इलेक्ट्रिक कार पेट्रोल कारपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी उत्सर्जन करते, असा त्याचा निष्कर्ष होता. युरोपात हाच फरक ६६ ते ६९ टक्के आहे, कारण तिथली वीज जास्त स्वच्छ. एकट्या माणसाने ऑफिसला जायला दोन टनांची इलेक्ट्रिक एसयूव्ही घेणं ही काही पर्यावरणाची सेवा नव्हे. त्यापेक्षा पुण्यातल्या पीएमपीची इलेक्ट्रिक बस कितीतरी चांगली.

बॅटरी बनवतानाचं प्रदूषण याच हिशेबात धरलेलं आहे, म्हणजे ‘ते कधीच भरून निघत नाही’ हे तिथेच संपलं. स्कूटरपुरतं पाहू. एक किलोवॅट-अवर, म्हणजे एक युनिट, क्षमतेची बॅटरी बनवताना साधारण ७० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. स्कूटरच्या तीनच्या बॅटरीला २१० ते ३०० किलो. किलोमीटरमागे १८ ग्रॅम वाचत असतील तर ही उधारी १२ ते १७ हजार किलोमीटरमध्ये फिटते. रोज तीस किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला वर्ष-दीड वर्ष. काँगोतल्या कोबाल्टच्या खाणींत मुलं राबतात, हे मात्र खरं आहे आणि भयंकर आहे. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट लागतच नाही. गाडी घेताना बॅटरी कोणत्या प्रकारची, हे दुकानदाराला जरूर विचारा.

तीन वर्षांत भंगार? इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीला आज आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी सर्रास मिळते. क्षमता घटली तरी ती सोलरची वीज साठवायला चालते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. गल्लीतल्या भंगारवाल्याने छिन्नी-हातोड्याने ती फोडायला घेतली, तर त्याच्या जिवाला धोका आहे. बॅटरी त्याच्या हाती देऊ नका.

आगीची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर जळाली. त्याच महिन्यात वेल्लोरला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला आणि धुराने गुदमरून बाप-लेक गेले. बॅटरीतला एक सेल तापला की शेजारचा तापतो आणि ती आग विझवणं फार अवघड असतं. त्यानंतर सरकारने एआयएस-१५६ हे सुरक्षेचं मानक कडक केलं. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. स्वीडनमध्ये २०२२ मध्ये सुमारे ६ लाख ११ हजार इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांपैकी २३ पेटल्या. पेट्रोल-डिझेलच्या ४४ लाख गाड्यांपैकी वर्षाला सरासरी ३,४०० पेटतात. तिथलं ऊन वेगळं आणि इलेक्ट्रिक गाड्या बऱ्याचशा नव्या, म्हणून हा आकडा मी जसाच्या तसा आपल्याला लावत नाही. पण ‘इलेक्ट्रिक म्हणजे पेटणारच’ हे त्यातून नक्कीच निघत नाही. पावसाचं म्हणाल, तर आयपी-६७ दर्जाची बॅटरी मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरेल अशी चाचणी घेतलेली असते. मी एवढंच पाळते: उन्हातून आल्या आल्या चार्जर लावत नाही, आणि जिन्यात किंवा घराच्या दाराशी तर कधीच नाही. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

आता पुन्हा चंद्रपूर. माझी स्कूटर रोज तीस किलोमीटर चालली तर सव्वा युनिटही खात नाही. दीड टनाचा एसी साधारण तासाभरात तेवढी वीज घेतो. चंद्रपूरची काळजी करणारा हा मेसेज एसीबद्दल चकार शब्द काढत नाही. वीज केंद्रांच्या चिमण्यांतून निघणारा सल्फर डायऑक्साइड रोखण्याचे नियम डिसेंबर २०१५ मध्ये आले. मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश केंद्रांना तो वायू रोखणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. तो मेसेज फिरवणाऱ्यांपैकी कुणी यावर कधी ग्रुपवर एक ओळ लिहिलेली मला आठवत नाही. मी त्या मेसेजखाली हेच लिहिलं, आणि आईच्या गच्चीवरच्या त्या पातळाचा फोटोही टाकला.