जावातील बाइट आणि १२७ पुढील किमती : एक खुलासा

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील बाइट या पूर्णांक साठवणाऱ्या प्रकारात १२७ पेक्षा मोठी किंमत साठवता येत नाही आणि त्यामुळे प्रतिमा किंवा ध्वनीच्या फाइली वाचताना माहिती नष्ट होते, असे विधान सध्या फिरत आहे. त्याचा पूर्वार्ध अर्धवट खरा असून उत्तरार्ध चुकीचा आहे.

बाइटमध्ये आठ बिट असतात आणि ते आठही जसेच्या तसे राहतात. जावा फक्त त्यांचा अर्थ −१२८ ते १२७ या चिन्हांकित (ऋण-धन) कक्षेत लावते. म्हणून २०० ही किंमत −५६ अशी दिसते, पण दोन्हींची बिटरचना ११००१००० हीच आहे. इंटमध्ये, म्हणजे ३२ बिटांच्या पूर्णांक प्रकारात, रूपांतर होताना चिन्हाचा (सर्वांत डावीकडचा) बिट वरच्या २४ जागांवर पसरतो, आणि गोंधळाचे खरे मूळ इथे आहे. २५५ शी बिटवार ‘अँड’ (दोन्हींत १ असेल तिथेच १ ठेवणारी क्रिया) केल्यास त्या जागा शून्य होऊन २०० परत मिळतात. जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, बाइट वर्गातील ‘टू-अनसाइन्ड-इंट’ ही पद्धत नेमके हेच करते, आणि वाचणाऱ्याला हेतू स्पष्ट दिसावा म्हणून मी तिलाच पसंती देतो.

माहिती हरवते ती वेगळ्याच चुकीने. इनपुटस्ट्रीम या, फाइलसारख्या स्रोतातून माहिती वाचणाऱ्या जावा वर्गाची एकेक बाइट वाचणारी ‘रीड’ पद्धत ० ते २५५ किंवा, फाइल संपल्यास, −१ असा इंट देते. तो तपासण्यापूर्वीच बाइटमध्ये बदलला, तर २५५ चाही −१ होतो आणि वाचन मध्येच थांबते.