परतीचा पुरावा

शासकीय सेवेच्या तेहतीस वर्षांत मी तीन वेळा पदोन्नती नाकारली. पहिली सिंधुदुर्गाला होती, दुसरी नंदुरबारला आणि तिसरी भंडाऱ्याला. लेखी कारणे अनुक्रमे आईचे आजारपण, मुलीची दहावी आणि माझी कंबर अशी दिली होती. खरे कारण तिन्ही वेळा एकच होते, मला नागपूर सोडायचे नव्हते. भंडारा नागपूरहून जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे आणि रोज जाऊन-येऊन तिथे नोकरी करणारी पुष्कळ माणसे माझ्या माहितीची आहेत, परंतु दुपारचा डबा परगावी उघडायचा ही कल्पनाच मला सोसली नाही. अशा माणसावर वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, आपण अमेरिकेत कायमचे राहायला चाललेलो नाही, हे सिद्ध करण्याची वेळ आली.

आमची लेक डॅलसला असते. ती सहा वर्षे "बाबा, या" म्हणत होती आणि मी "बघू" म्हणत होतो. निवृत्त होताना कार्यालयातून ज्या मोजक्या वस्तू मी घरी आणल्या त्यांपैकी "बघू" ही एक. त्यात नकार नसतो आणि कामही होत नाही. पण नात झाली, ती व्हिडिओ कॉलवर आजीला पाहून हसू लागली, आणि पत्नीने ते प्रकरण माझ्या टेबलावरून काढून स्वतःकडे घेतले.

जावयाने पहिल्याच दिवशी फोनवर बजावले, "बाबा, सगळा भर परत येण्यावर द्या." कारण विचारले तेव्हा त्याने कलम सांगितले, आणि कलम वाचल्याशिवाय मी आयुष्यात कशावरही सही केलेली नसल्यामुळे ते मी मिळवून वाचले. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात २१४ (ब) असे एक कलम आहे. त्याचा मथितार्थ असा, की काही अपवाद वगळता, तात्पुरत्या व्हिसासाठी येणारा परदेशी माणूस तिथे कायमचा राहण्यासाठीच निघाला आहे असे धरून चालायचे, आणि तसे नाही हे त्याने अधिकाऱ्याचे समाधान होईल अशा रीतीने दाखवून द्यायचे. हे ऐकून पत्नीला अपमान वाटला. मला मात्र इतक्या दूरच्या देशात अचानक आपल्या खात्याचे कुणी भेटल्यासारखे झाले. अर्जदार खोटे बोलत आहे असे गृहीत धरून कामाला लागायचे, हे आम्ही तेहतीस वर्षे कोणत्याही कलमाच्या आधाराशिवाय करत आलो होतो.

मी फाइल उघडली. घरटॅक्सची पावती, बँकेचे विवरण, मुदत ठेवींच्या पावत्या आणि निवृत्तिवेतनाचा आदेश ही कागदपत्रे सगळेच लावतात, ती मीही लावली. काटोलजवळच्या आमच्या दोन एकर संत्र्याच्या बागेचा सातबारा लावला आणि त्याला एक टिपण जोडले, की या बागेत मृग बहार धरला जातो, त्याची फळे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तोडणीला येतात, त्या वेळी मालक समोर नसल्यास व्यापारी बागेचा भाव आपल्या मनाने ठरवतो, सबब अर्जदाराने जानेवारीअखेर नागपुरात हजर असणे क्रमप्राप्त आहे. परंतु फाइलचा प्राण होता तो त्या तीन नकारपत्रांत. वाढीव वेतनश्रेणी आणि सिंधुदुर्गाचा समुद्र हे दोन्ही मिळूनही जो माणूस हलला नाही, तो डॅलसमध्ये काय म्हणून मुक्काम ठोकील? पत्रांच्या साक्षांकित प्रती काढल्या आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर मी स्वतः केले. "सदर कर्मचारी मुख्यालय सोडण्यास अनिच्छुक असल्याचे दिसून येते" या वाक्याला एक संपूर्ण रविवार लागला, पण ते इंग्रजीतही तितकेच कोरडे उतरले याचे मला समाधान आहे.

अंबाझरी तलावाकाठी सकाळी फिरणारे आमचे आठ जणांचे मंडळ आहे. त्यांपैकी तिघांना अमेरिकेचा व्हिसा मिळालेला आहे आणि दोघांचा नाकारला गेलेला आहे. मिळालेल्यांना तो कसा मिळाला हे सांगता येत नव्हते. नाकारलेले दोघे मात्र मोठ्या अधिकारवाणीने बोलत. एकाने सांगितले, की स्वतःचे घर असल्याचे अजिबात बोलू नये, कारण ते विकून तुम्ही तिकडे पैसा नेणार असे त्यांना वाटते. दुसऱ्याने सांगितले, की घर नसल्याचे सांगितले तर परत येऊन राहणार कुठे, असे त्यांना वाटते. नातीच्या बाबतीत मात्र दोघांचे एकमत होते. "नातीचं नावच काढू नका बाप्पा," ते म्हणाले, "मुलगी-जावई नोकरीवर, अन् तुम्ही फुकटात लेकरू सांभाळायला चालले, असं समजून राहिले ते लोक." त्यात काही खोटे नव्हते, म्हणूनच मी ते गांभीर्याने घेतले. मग तर्रीपोह्यांच्या गाडीवर या सर्व सल्ल्यांचे एकत्रीकरण झाले आणि त्यातून एवढेच निष्पन्न झाले, की माझे पैसे मी द्यावेत.

डीएस-१६० नावाचा मुख्य अर्ज संगणकावरच भरायचा असतो. घरी लॅपटॉप आहे, परंतु या अर्जाला वीसेक मिनिटे हात लावला नाही तर तो आपोआप बंद होतो, आणि मी कोणत्याही रकान्यावर वीस मिनिटांपेक्षा कमी विचार कधी केलेला नाही. म्हणून आम्ही दोघे धरमपेठेतल्या एका सायबर कॅफेत गेलो. तिथला मुलगा चुणचुणीत होता आणि इंग्रजी प्रश्न खणखणीत नागपुरीत विचारत होता. त्याचा पहिलाच गुंतागुंतीचा प्रश्न पत्नीसाठी निघाला. "काकू, याच्याशिवाय दुसरं कोणतं नाव वापरलं का कधी?"

माझ्या पत्नीचे माहेरचे नाव कुमुदिनी. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून, त्यावर अंगठीने माझ्याकडून "वसुधा" असे लिहून घेण्यात आले आणि सर्वांना पेढे वाटले गेले. नाव माझ्या आत्याने सुचवले होते. माहेरी तिला आजही कुमी म्हणतात, दहावीच्या प्रमाणपत्रावर कुमुदिनी आहे आणि पासपोर्टवर वसुधा आहे. परंतु "वापरलं का" या शब्दाने छत्तीस वर्षांपूर्वीचा तो पेढा तिच्या घशात पुन्हा अडकला. "वापरलं नाही रे बाबा, मला लावलं," ती म्हणाली. "यांनी तांदळावर लिहिण्याच्या आधी मला एक शब्द विचारला असता, तर अमेरिकेचा हा रकाना आज रिकामा राहिला असता." स्कॉलरशिपचे अर्ज भरायला आलेल्या तीन मुली काम थांबवून तिच्याकडे आदराने पाहू लागल्या. मी काही उत्तर देण्यापूर्वी मुलाने दोन्ही नावे टाकून पान उलटले. तो अविवाहित असूनही प्रसंगावधानी होता.

पुढे, तुम्ही एखाद्या कुळाचे किंवा टोळीचे आहात काय, असा एक प्रश्न आला. टोळीचा नाही हे मला माहीत होते, पण कुळाचा तर प्रत्येक जण असतोच. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या थोरल्या बंधूंना फोन लावला. ते मूळपुरुषापासून निघून आजोबांच्या पिढीपर्यंत आले तोवर अर्ज बंद पडला होता. मुलाने तो पुन्हा उघडला आणि मला न विचारता तिथे "नाही" लिहिले. अशा रीतीने आमचे कुळ बुडाले.

मग सुरक्षेचे प्रश्न सुरू झाले. हे प्रश्न किती गंभीर आहेत याची मला जाणीव आहे. पण ते मोठ्याने वाचायचे नसतात.

"काका, नरसंहारात भाग घेतला का कधी?"

"नाही."

"दहशतवादी संघटनेला पैसे दिले?"

"नाही."

"हेरगिरी करायला चालले का?"

आमच्या गल्लीतले एक गृहस्थ आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले होते. ते झेरॉक्स झाल्यानंतरही थांबून राहिले. माझ्या मनात या सगळ्या रकान्यांपुढे एकदाच "निरंक" लिहून मोकळे व्हावे असे फार होते. "नाही" या शब्दात, विचारले म्हणून सांगतो, असा एक संशयास्पद सूर असतो. "निरंक" म्हटले की नोंदवही तपासून सांगितल्यासारखे वाटते. परंतु एवढ्या प्रगत देशाच्या अर्जात निरंकाची सोय नाही.

शस्त्रे, स्फोटके किंवा अण्वस्त्रे यांचे विशेष कौशल्य अथवा प्रशिक्षण आहे काय, या प्रश्नाशी मी अडलो. महाविद्यालयात मी एनसीसीत होतो आणि शिबिरात रायफलीतून पाच गोळ्या झाडल्या होत्या. माहिती दडवणे माझ्या स्वभावात नाही.

"त्यांतली एक तरी लागली होती का?" पत्नीने विचारले.

"नाही."

"मग कौशल्य कुठं आहे काका?" असे म्हणून मुलाने निकाल दिला. झेरॉक्सवाले गृहस्थ निराश होऊन गेले.

फोटोविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तो दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि चष्म्याविना लागतो. मी सीताबर्डीला पांढरा सदरा घालून गेलो आणि पहिल्या प्रयत्नात भिंतीवर नुसते डोकेच आले. शुल्क माणशी १८५ डॉलर, म्हणजे आम्हा दोघांचे तीस हजार रुपयांच्या वर गेले. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. परत येण्याबद्दल एवढे आग्रही असलेल्या सरकारने निदान शुल्काला तरी तो नियम लावावा, असे माझे मत आहे.

नागपूरकरांची मुलाखत मुंबईला होते. आपल्याला घर सोडून कुठे जाणे आवडत नाही हे सांगण्यासाठी आठशेच्या वर किलोमीटर जावे लागते. बोटांचे ठसे एका दिवशी आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी, म्हणून डोंबिवलीला मेहुणीकडे मुक्काम केला. ठशांच्या यंत्राला पत्नीच्या उजव्या हाताची बोटे चार वेळा दिसलीच नाहीत. "इतकी भांडी घासल्यावर काय उरणार?" असे तिने यंत्राकडे तोंड करून विचारले, पण रोख माझ्याकडे होता.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे रांगेतल्या लोकांना एकमेकांच्या फायली पाहण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. माझी सर्वांत जाड होती. पृष्ठ क्रमांक, अनुक्रमणिका, टॅग, सर्व जागच्या जागी होते. काहींच्या हातात नुसती प्लॅस्टिकची पातळ पिशवी होती. त्यांची मला काळजी वाटली.

खिडकीच्या काचेपलीकडे आमच्या लेकीच्या वयाची एक अधिकारी होती. सोबतीला मराठी दुभाषी होती. का जाणार, असे विचारताच, मी तयार ठेवलेले "पर्यटन आणि कौटुंबिक भेट" हे शब्द ओठांवर येण्याआधी पत्नी म्हणाली, "नातीला मांडीवर घ्यायला." तलावाकाठचे सर्व मार्गदर्शन त्या एका वाक्यात पाण्यात गेले. मी काय करत होतो, असे विचारले. मी सांगितले आणि लगेच पुढे म्हणालो, "मॅडम, मी तीन वेळा पदोन्नती..." पण ती टंकलेखन करत होती. किती दिवस राहणार, हा प्रश्न तिने पुन्हा पत्नीलाच विचारला.

"तीन महिने," पत्नी म्हणाली. "शेजारीण तेवढेच दिवस तुळशीला पाणी घालते म्हणाली आहे. त्यापुढं तिची सून बाळंतपणाला जाणार."

दुभाषीने हे सगळे, तुळशीसकट, इंग्रजीत सांगितले. अधिकारी हसली, व्हिसा मंजूर झाल्याचे म्हणाली आणि पासपोर्ट ठेवून घेतले. मी फाइल काचेला टेकवून उचलली, नकारपत्रांच्या पानावर बोटही ठेवले. तिने हाताने नम्रपणे नको असे सांगितले. सगळे मिळून तीन मिनिटेही लागली नसतील. पत्नीने बाही धरून मला बाहेर काढले. व्हिसा मिळाल्याचा आनंद मला नव्हता असे नाही, परंतु माझ्या परत येण्याची हमी एका कुंडीने द्यावी आणि तेहतीस वर्षांच्या सचोटीची कुणी पृष्ठसंख्याही विचारू नये, हे मनाला लागले.

त्याच संध्याकाळी कल्याणला विदर्भ एक्स्प्रेस पकडली. समोरच्या बाकावर एक निवृत्त गृहस्थ होते. बोलता बोलता ते तहसील कार्यालयात होते असे कळले आणि मी त्यांना सर्व हकीकत सांगितली. "पाहू," ते म्हणाले. एवढा शब्द ऐकण्यासाठी मी तीन महिने झटलो होतो. त्यांनी चष्मा पुसला, फाइल मांडीवर घेतली आणि अनुक्रमणिकेपासून सुरुवात केली. सातबाऱ्यावर झाडे किती, पाण्याची सोय काय, हे विचारले. घरटॅक्सच्या पावतीवरची तारीख बोट लावून पाहिली. पत्नीने चादर ओढून घेतली, पण आम्ही दोघे रंगात आलो होतो. नकारपत्रे आली तेव्हा मी पुढे सरकून बसलो.

"सिंधुदुर्ग. बरं केलं, फारच लांब पडते." पान उलटले. "नंदुरबार. हेही बरोबर." पान उलटले. तिसरे पत्र त्यांनी एकदा वाचले, मग माझे इंग्रजी भाषांतर वाचले, आणि मग मूळ पत्र पुन्हा वाचले. फाइल मिटून, टॅगची गाठ व्यवस्थित मारून, त्यांनी ती मला परत दिली. मग त्यांनी चष्मा काढला.

"मी भंडाऱ्याचा," ते म्हणाले. "आमच्या भंडाऱ्यात का वाईट होतं जी?"

गाडी अजून इगतपुरीलाही पोहोचली नव्हती.