बॅटरीवर कोल्ड्रिंक ओतणाऱ्यांसाठी

पावसाळा आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज नव्याने फिरतो: 'बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली? मेकॅनिकला पैसे देऊ नका. गाडी चालू ठेवून टर्मिनल काढा म्हणजे सेटिंग जाणार नाही. वर कोला ओता, पाच मिनिटांत लख्ख. मग आतून-बाहेरून भरपूर ग्रीस थापा. तरी परत आली तर बॅटरी गेली समजा.' खाली अंगठ्यांची रांग.

यातला सर्वांत घातक सल्ला आधी घेतो. चालू गाडीची बॅटरी कधीही काढू नका. अल्टरनेटरने तयार केलेली वीज बॅटरी सतत रिचवत असते. ती अचानक बाजूला झाली की व्होल्टेज क्षणभर ४० च्याही वर उसळू शकतं. १४ व्होल्टवर चालणाऱ्या ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, ते सोसेलच असं नाही. रेडिओचं सेटिंग वाचवायला निघालात तर ईसीएमचं बिल हातात पडेल.

आता ती 'बुरशी'. ती बुरशी नव्हे आणि लोखंडाचा गंजही नव्हे. बॅटरीतलं गंधकाम्ल चार्जिंगच्या वेळी उठणाऱ्या वायूबरोबर सूक्ष्म तुषार होऊन व्हेंटमधून (वायू सोडणाऱ्या भोकातून) किंवा पोस्टच्या, म्हणजे बॅटरीवरच्या शिशाच्या खुंटाच्या, बुडाशी असलेल्या सीलमधून झिरपतं आणि बाहेरचा धातू खातं. पांढरं दिसतं ते बहुतेक लेड सल्फेट. निळं-हिरवं म्हणजे केबलमधल्या तांब्याचं कॉपर सल्फेट, साध्या भाषेत मोरचूद. नाशिककडचे द्राक्षवाले बोर्डो मिश्रणात घालतात तोच. म्हणून ही पूड फुंकून उडवू नका. त्यात शिसं आहे. हातमोजे आणि चष्मा घालून ओल्या फडक्याने पुसा.

कोल्याने पूड निघते, हे मान्य. पण कोला स्वतःच आम्ल आहे, त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं. टर्मिनलवर जमलंय तेही आम्लच. आम्लावर आम्ल ओतून ते मरत नाही. शिवाय ३०० मिलीच्या कॅनमध्ये तीसेक ग्रॅम साखर. ती बॅटरीच्या झाकणावर चिकटते, तिच्यावर धूळ बसते आणि दोन टर्मिनलांमध्ये ओलसर चिकट थर राहतो.

याला घरातलाच उपाय आहे: खाण्याचा सोडा. कपभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर. गाडी बंद, किल्ली बाहेर. १० चा पाना घेऊन आधी निगेटिव्ह काढा. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर तिथेच शॉर्ट होऊन ठिणगी पडेल. बॅटरीभोवती हायड्रोजन साचलेला असू शकतो, तो हवेत ४ टक्के असला तरी पेट घेतो. जुन्या पद्धतीची पाणी घालायची बॅटरी असेल तर झाकणं घट्ट आहेत ना ते बघा, सोडा आत गेला तर आतलं आम्लच मरेल. मग जुन्या टूथब्रशने सोड्याचं पाणी लावा. सर्रकन फेस येतो. फेस थांबला की आम्ल संपलं. साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, पोस्ट आणि क्लॅम्पची (पोस्टवर बसणाऱ्या केबलच्या कड्याची) आतली बाजू बारीक सँडपेपरने घासून शिसं चमकवा. जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह.

ग्रीस लावा, हरकत नाही. पण टर्मिनल घट्ट आवळल्यावर, बाहेरून, पातळ थर. व्हॅसलीनही चालतं. ग्रीस वीज वाहून नेत नाही, ते फक्त हवा आणि ओल अडवतं. पोस्ट आणि क्लॅम्पच्या मध्ये थापलंत तर धातूला धातू टेकणार कसा?

राहिला 'बॅटरी गेली' हा मुद्दा. हा मला वैयक्तिक लागतो. मागच्या पावसात शेजारच्या काकांची गाडी सेल्फ मारला की नुसतं 'टक' करायची. दुकानदाराने नवी बॅटरी घ्यायला सांगितलं होतं. "अहो, मीटर १२.६ व्होल्ट दाखवतोय, म्हणजे बॅटरी भरलेली, आणि हा म्हणतो गेली," काका वैतागले होते. मी मीटरची एक पिन पोस्टच्या शिशावर टेकवली, दुसरी त्याच पोस्टच्या क्लॅम्पवर, आणि काकांना सेल्फ मारायला सांगितलं. सांधा चांगला असेल तर इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. आमच्या मीटरवर तीन व्होल्ट! स्टार्टर, म्हणजे सेल्फची मोटर, सुरुवातीला शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. सांध्यात एक शतांश ओहम अडथळा असला तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जातात. दिवे, हॉर्न थोडक्या करंटवर चालतात म्हणून ते ठणठणीत वाटतात. क्लॅम्प काढला तर आतून काळाकुट्ट थर, बाहेरून मात्र चिमूटभर पांढरं. घासून बसवला, पहिल्याच फटक्यात गाडी सुरू. काकांनी बॅटरी बदलली नाही.

साफ करूनही महिन्याभरात पूड परतली तर मात्र शोध घ्या. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. सतत १५ च्या वर असेल तर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरचा, तो बॅटरी उकळवतोय. व्होल्टेज ठीक असूनही पोस्टच्या बुडाशी पुन्हा ओल येत असेल तर सील फुटलंय. तेव्हा बॅटरी बदला.